पाहुणा भात

आमच्या करमाळ्याकडे भात हा पाहुणा आहे. घरचे माणूस म्हणजे ज्वारी. मी लहान होतो तेव्हा भाताचे दर्शन तीनच वेळा घडे. सणाला, लग्नाच्या पंगतीत आणि ताप उतरल्यावर. एरवी कुणाच्या घरून भाताचा वास आला, तर शेजारीण दारातूनच विचारी, "आज कोण आलंय वं?" आता दिवस पालटले. उजनीचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, कंदरची केळी बोटीत बसून आखाती देशांत जाऊ लागली, आणि तांदूळही वाण्याच्या दुकानात पोत्यापोत्याने रचलेला दिसू लागला. तरी पण पानात भाकरी पडल्याखेरीज आमच्याकडचा माणूस "जेवलो" म्हणत नाही. "खाल्लं काहीतरी" म्हणतो.

तेव्हा अशा मुलखातल्या, मराठी शिकवून पोट भरणाऱ्या, सत्तेचाळीस वर्षांच्या गृहस्थाने गार आणि आंबूस भात समुद्रातल्या शेवाळात गुंडाळून खावा, तो पुन्हा घरी करून पाहावा, आणि वर त्यावर दिवाळी अंकात लेखही लिहावा, हे वाचून आमच्या स्टाफरूममधली मंडळी काय म्हणतील ते मला चांगले ठाऊक आहे. इतिहासाचे प्राध्यापक तर म्हणालेच, "काय हो, आता विषय संपले वाटतं?" त्यांना मी त्या वेळी उत्तर दिले नाही. ते उत्तर आज देतो.

हे प्रकरण सुरू झाले आमच्या कन्येमुळे. ती पुण्याला राहून अभियांत्रिकी शिकली आणि शिकता शिकता संध्याकाळी जपानी भाषेच्या वर्गाला जाऊ लागली. पुण्यात जपानी शिकणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती भाषा शिकवतात. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांड्यांच्या नावाचे जे उद्यान आहे, तेही पुणे आणि जपानातील ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीखातर, तिकडच्या कोराकुएन नावाच्या जुन्या बागेच्या धर्तीवर केलेले आहे. माझी तक्रार जपानीविषयी नव्हती. तक्रार एवढीच, की पोरीला जपानीतले आदराचे सारे प्रकार मुखोद्गत झाले होते आणि मराठीत मात्र ती आमच्या प्राचार्यांना "तू येणार का?" असे विचारून मोकळी झाली होती.

मागल्या वर्षी गणपती उठले आणि तिचा फोन आला. "बाबा, मला ओकायामाला नोकरी मिळाली. एप्रिलमध्ये जायचंय." मग माझ्याकडून शब्द फुटेना असे पाहून तीच पुढे म्हणाली, "तुम्ही आणि आई पुण्याला या ना. मी तुम्हाला जेवायला घालते. माझ्या पैशानं."

आमच्या सौभाग्यवतींनी आधी डोळे पुसले आणि मग लगेच कोणती साडी नेसायची याचा विचार सुरू केला. अडचण होती ती माझ्या आईची. पंचाहत्तरीची म्हातारी. नात तिच्या मांडीवर वाढलेली. तिला ही बातमी मीच सांगितली. ती लसूण सोलत होती. तिने ऐकून घेतले, "बरं," म्हणाली आणि पुढची पाकळी उचलली. त्या दिवसापासून त्या विषयावर तिने एक अक्षर काढले नाही. आमच्या सौ.ने एकदा धीर करून विषय काढला. "अहो आई, आपल्या कंदरची केळीसुद्धा परदेशात जातात की. मग पोरगी गेली तर काय बिघडलं?" त्यावर आई म्हणाली, "केळी परत येत न्हाईत."

झाले. घरातला तो विषय तिथेच मिटला.

आम्ही दोघे जेऊरला गाडी धरून पुण्याला गेलो. कन्येने आम्हाला कोरेगाव पार्कातल्या एका गल्लीत नेले. सुशी म्हणजे पंचतारांकित प्रकरण, अशी माझी समजूत होती. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली मोरिमोतो नावाच्या बड्या जपानी आचाऱ्याच्या नावाचे उपाहारगृह निघाले, तेव्हा त्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. परंतु हे ठिकाण अगदी साधे निघाले. दहा-बारा टेबले. पाठीवर पिशव्या अडकवलेली कॉलेजची पोरे. कुणी एकटाच बसून खातो आहे, कुणाचा वाढदिवस चालला आहे. आपल्याकडे मिसळीच्या दुकानात जी सैल, घरगुती गडबड असते, तशीच ती होती. फरक दरपत्रकात होता. आठ तुकड्यांची किंमत वाचली आणि तेवढ्यात करमाळ्याला चार माणसे पोटभर जेवून वर पान खातील, हा हिशेब मी मनातच केला. मोठ्याने केला असता, तर कन्या आणि तिची आई या दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले असते.

लाकडी पाटावर ते तुकडे आले. काळ्या कागदासारखे आवरण, आत पांढरा भात आणि मधोमध हिरवा ठिपका. आमच्या सौ. एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर अळूवडी!"

पाटाच्या एका कडेला हिरवा गोळा होता. मी सोलापूर जिल्ह्यातला माणूस. हिरव्या ठेच्याला भिणारा नव्हे. "हा ठेचा बरा दिसतो," असे म्हणून मी तो बोटाने उचलला आणि कन्या "बाबा, थांबा!" असे ओरडेपर्यंत तोंडात टाकला. आता ठेच्याचा तिखटपणा जिभेवर बसतो. तो आपल्या ओळखीचा असतो, त्याच्याशी भांडता येते. हा पदार्थ जिभेला शिवलाच नाही. तो थेट नाकातून मस्तकात गेला. डोळ्यांतून पाणी, कानांतून वाफ, आणि क्षणभर वाटले की आपले आडनावसुद्धा आपल्याला आठवणार नाही. "हा वसाबी," कन्या पाणी देत म्हणाली. "मोहरीच्या कुळातलाच आहे. आजी लोणच्यासाठी मोहरी फेसते तेव्हा नाकात जातं ना, तसं." पुढे तिने हेही सांगितले, की खरा वसाबी फार महाग असतो. जगभरच्या उपाहारगृहांत बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच एका तिखट मुळीची हिरवा रंग दिलेली भुकटी कालवून देतात. म्हणजे मला रडवले तेही नकली मालाने!

मग मी तो काकडीचा तुकडा खाल्ला. भात गार, किंचित आंबट, किंचित गोड. मग काकडीचा करकर आवाज. मग त्या काळ्या पापुद्र्याचा वास, समुद्रकिनाऱ्यावर न जाता आलेला समुद्राचा वास. दुसरा तुकडा सामन माशाचा होता. कच्चा मासा म्हटल्यावर माझा घास हातातच थांबला होता. पण तो लोण्यासारखा जिभेवर विरघळला. खोटे कशाला सांगू, मला आवडले. दुसऱ्यांदा मागवताना मी दरपत्रकाकडे पाहिले नाही.

आणि मग एकदा सहज मान वर केली. कन्या त्या दोन काड्यांनी एकेक तुकडा उचलत होती. घाई नाही, गडबड नाही. आजीच्या पुढ्यात बसून भाकरीचा तुकडा मोडावा तितक्या सहज. मला वाटले, ही पोर एप्रिलमध्ये कुठली जाते? ही तर केव्हाच गेली.

मन दुसरीकडे वळवावे म्हणून मी प्राध्यापकी प्रश्न विचारले. तीही उत्साहाने सांगत बसली. सुशी म्हणजे कच्चा मासा, हा आपला पहिला गैरसमज. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना ते लोक साशिमी म्हणतात. सुशी हे त्या आंबवल्या भाताचे नाव. मासा असो की काकडी की अंडे, तो भात असला की सुशी झाली. हा प्रकार मूळचा जपानचाही नव्हे, आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या मुलखातून तो तिकडे गेला असावा, असे अभ्यासक मानतात. तिथल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांपुढे प्रश्न होता की मासे पुष्कळ मिळतात तेव्हा ते टिकवायचे कसे. मग मासे मिठात घालून, शिजवलेल्या भातात दडपून महिनोन्महिने ठेवायचे. भात आंबतो आणि त्या आंबटपणाने मासा टिकतो. जपानात बिवा नावाचे मोठे सरोवर आहे. तिथे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला एक मासा अशा रीतीने अजूनही मुरवतात. त्याला एकेक वर्ष लागते, कधी त्याहून जास्त.

पुढे लोकांना धीर राहिला नाही. भात पुरता आंबायच्या आतच माशाबरोबर खाऊ लागले. मग आंबायचीही वाट कशाला, म्हणून भातात शिरका घालू लागले. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, एकोणिसाव्या शतकात रस्त्यावरच्या गाड्यांवर हाताने वळलेली सुशी मिळू लागली. तेव्हा ही मुळातली बड्या लोकांची चीज नव्हे. उभ्या उभ्या खाऊन कामाला जाणाऱ्यांची. १९५८ साली ओसाकात शिराईशी नावाच्या एका दुकानदाराने आणखी एक युक्ती काढली. दारूच्या कारखान्यात बिअरच्या बाटल्या फिरत्या पट्ट्यावरून जाताना त्याने पाहिल्या होत्या. त्याने आपल्या दुकानात तसाच पट्टा बसवला आणि त्यावर सुशीच्या बशा सोडल्या. गिऱ्हाइकाने बसल्या जागी हवी ती बशी उचलावी. आपल्या पंगतीत माणसे बसलेली आणि वाढपी फिरतात. तिथे वाढपीच नाही, नुसते पदार्थ फिरतात. आग्रह करणारे मात्र कुणी नाही, एवढे त्यात उणे.

"आणि बाबा, तुम्हाला आवडला ना तो सामन? तो कच्चा खायला जपानी लोक अलीकडेच शिकले. १९८०च्या दशकात नॉर्वेच्या लोकांनी त्यांच्या गळी उतरवला. आधी तेही नाक मुरडत होते."

हे मात्र मी लक्षात ठेवले.

घरी परतलो. आईने विचारले, "काय खाल्लं?" मी सारे सांगितले. सुशीचा इतिहासही सांगितला, कारण वर्गाबाहेर माझे व्याख्यान ऐकून घेणारी तीच एक श्रोती आहे. ती शांतपणे ऐकत होती. बिवा सरोवराच्या माशापर्यंत आलो आणि म्हणालो, "पूर्वी वर्षभरानं मासा काढून घ्यायचे आणि तो भात टाकून द्यायचे." त्यासरशी ती ताठ बसली.

"भात टाकून द्यायचे?"

"हो. तो अगदी लगदा झालेला असतो."

"भात टाकून द्यायचे!" ती पुन्हा म्हणाली. "आन तसल्या देशात पोरगी धाडायची?"

आता वाचकांना यात हसू येईल. मला आले नाही. आई म्हणजे १९७२चा दुष्काळ अंगावर काढलेली बाई. नव्याने लग्न होऊन आली आणि सहा महिन्यांत दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तिथे वाटलेली सुकडी तिने खाल्ली आहे आणि परदेशातून आलेल्या मिलोच्या, त्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी थापल्या आहेत. त्या भाकरीची चव विचारली, की ती आजही तोंड फिरवते. पुढे उजनीचे धरण झाले. १९८० साली ते पुरे झाले आणि भीमेकाठचे आमचे गाव पाण्याखाली गेले. मी तेव्हा तिच्या कडेवर होतो. आमच्या गावाच्या नावामागे आता 'नवे' हा शब्द लावावा लागतो. 'जुने' कुठे आहे, ते उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे कधीमधी दिसते. घर सोडून जाणे म्हणजे काय, हे तिला भाषणातून शिकलेले नाही. म्हणून ती गप्प होती, आणि म्हणूनच आम्ही तिला समजावू शकत नव्हतो.

दिवाळीला कन्या घरी आली ती एक पिशवी घेऊनच. पिशवीत शेवाळाच्या पापुद्र्यांचे पाकीट, शिरक्याची बाटली आणि इंद्रायणी तांदूळ. "सुशीला चिकट भात लागतो. जपानी तांदूळ महाग पडतो. आपला मावळातला इंद्रायणी चालतो," ती म्हणाली. इंद्रायणी हा आंबेमोहराच्या कुळातला. म्हणजे निदान तांदूळ तरी नात्यातला निघाला. गुंडाळायला बांबूची चटई लागते, ती मात्र ती पुण्याला विसरून आली होती. मी म्हटले, करमाळ्यात बुरूड आहेत, त्यात काय! पेठेत जाऊन आमच्या ओळखीच्या बुरूडबाईंना माप सांगितले. लांबी वीतभर, रुंदी वीतभर, काड्या बारीक, दोऱ्याने ओवलेल्या. त्यांनी माप पाहिले आणि म्हणाल्या, "गुरुजी, एवढ्याश्या चटईवर कुणाला निजवायचंय?" मी म्हटले, "काकडीला." त्यांनी पैसे आधी घेतले.

पाडव्याचा दिवस ठरला. चार दिवस करंज्या, लाडू, चकल्या खाऊन जीभ तुपकट झालेली असते. तेव्हा आंबट, गार असे काही बरेच वाटेल, हा कन्येचा अंदाज. मी उजनीची चिलापी आणून ठेवली होती. ताजी, चमकणारी. "ही कच्चीच घालायची ना?" असे मी शौर्याने विचारले, तेव्हा ती डॉक्टरच्या आवाजात म्हणाली, "मुळीच नाही. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खायचा नाही. त्यात जंतांची अंडी-पिल्लं असतात, ती पोटात जातात. समुद्राचा मासासुद्धा कच्चा खायचा तर आधी शून्याखाली वीस अंशांवर आठवडाभर गोठवावा लागतो. आपल्या घरच्या फ्रिजवर तो भरवसा नाही. चिलापी तव्यावर भाजून घाला." घरी करून पाहू इच्छिणाऱ्या भगिनींनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावे.

बाकीची कृतीही सांगून टाकतो, कारण ती न सांगता लेख संपवला तर आमच्या वाचक भगिनींची पत्रे येतात. दोन वाट्या तांदूळ पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचा, अर्धा तास भिजवायचा आणि मीठ न घालता मऊ शिजवायचा. चार मोठे चमचे शिरका, दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ कोमट करून विरघळवून घ्यायचे. भात परातीत पसरून त्यावर हे शिंपडायचे आणि लाकडी पळीने, शिते न मोडता, वरखाली करायचे. त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी वारा घालायचा. त्याने भाताला तकाकी येते. आमच्याकडे वारा घालायचे काम माझ्याकडे आले. माळ्यावरचा जुना विंझणा काढून मी भातापुढे बसलो. आई ओट्याजवळच्या पाटावर बसून पाहत होती. "लग्नात नवऱ्यामुलालाबी एवढा वारा घातला न्हवता," ती म्हणाली. दोन महिन्यांत तिने स्वतःहून काढलेला तो पहिला शब्द.

भात निवेपर्यंत कन्येने शेवाळाचा एक पापुद्रा आजीच्या हातात दिला आणि त्याची गोष्ट सांगितली. याला नोरी म्हणतात. जपानी कोळी पिढ्यान् पिढ्या ते समुद्रात वाढवत, पण ते कुठून येते आणि कुठे जाते हे कुणालाच ठाऊक नव्हते. महायुद्धानंतर पीक बसले आणि लोक हवालदिल झाले. १९४९ साली मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू बेकर या बाईंनी शोध लावला, की हे शेवाळ आयुष्याचा एक भाग शिंपल्यांच्या आत दडून काढते. त्यावरून तिकडच्या शास्त्रज्ञांनी लागवडीची नवी रीत बसवली आणि धंदा वाचला. या बाई विद्यापीठात अध्यापक होत्या. लग्न झालेल्या बाईला नोकरी द्यायची नाही, या नियमामुळे त्यांची जागा गेली. तरी त्यांनी संशोधन सोडले नाही. जपानात उतो नावाच्या गावी त्यांचे स्मारक आहे, आणि दरवर्षी एप्रिलात तिथे लोक जमून त्यांची आठवण करतात.

आईने तो पापुद्रा उजेडात धरून पाहिला. "आन ही बाई तिकडं राह्यला गेली हुती?"

"नाही आजी. ती कधी जपानला गेलीच नाही."

"बघ," आई म्हणाली. "म्हंजी गेल्यानंच समदं हुतं असं न्हाई."

कन्येचा चेहरा उतरला. सौ. माझ्याकडे पाहू लागल्या. मी जोरजोराने वारा घालू लागलो.

मग गुंडाळण्याचा प्रयोग सुरू झाला. चटईवर नोरी, नोरीवर भात, भातावर काकडीची लांब फोड. कन्येने गुंडाळले, सुरी फिरवली आणि गुंडाळीचे पोट फुटले. दुसरीचे शेपूट सुटले. तिसरी बरी वाटली, पण उचलताना मधोमध वाकली. पुण्याच्या उपाहारगृहात इतक्या ऐटीत खाणाऱ्या पोरीने स्वतःच्या हाताने हे कधी केलेच नव्हते, हे आता उघड झाले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते नुसते सुशीचे नव्हते.

"सरक," आई म्हणाली.

तिने हात धुतले. चटई आपल्याकडे ओढली. पापुद्रा उलटापालटा करून त्याची गुळगुळीत बाजू खाली घातली. हाताला पाणी लावले, भाकरी थापताना लावतात तसे, आणि भात पातळ पसरला. पलीकडच्या कडेला बोटभर जागा मोकळी सोडली. "लई भरायचं न्हाई. अळूच्या पानाला पीठ कसं लावत्यात? पान दिसाया पायजे. आन दाबायचं, पर चिरडायचं न्हाई." असे म्हणत तिने चटई उचलून एका वळणात गुंडाळी पुरी केली. सुरी ओली करून आठ तुकडे पाडले. ते पाटावर असे बसले, जणू कोरेगाव पार्कातूनच आले होते. पन्नास-पंचावन्न वर्षे अळूवड्या वळलेले हात ते. त्यांना आतला माल काय आहे याच्याशी कर्तव्य नव्हते.

पहिला तुकडा मी तिलाच दिला. तिने सावकाश चावला. आम्ही तिघे परीक्षेच्या निकालाकडे पाहावे तसे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. "गोड हाय जरा," ती म्हणाली. "आन तिखटाचं काय न्हाई." मग उठली, फळीवरची शेंगदाण्याच्या चटणीची बरणी काढली आणि पुढच्या गुंडाळीत चिलापीच्या तुकड्यांवर ती चटणी पेरली.

"अगं आजी!" कन्या म्हणाली. मग स्वतःच हसली. "चालेल. नॉर्वेचा मासा चालतो, तर सोलापूरची चटणी का नाही?"

खरे सांगतो, त्या रात्री सर्वांत आधी संपली ती चटणीचीच गुंडाळी. तांदूळ मावळचा, मासा भीमेचा, चटई करमाळ्याची आणि चटणी आमच्या घरची. परके काय ते शेवाळ आणि शिरका. पुण्याला मी तीच वस्तू पैसे देऊन खाल्ली, तिची चव घेतली आणि तिचा इतिहास ऐकला, पण ती माझी झाली नव्हती. माझ्याकडे ती पाहुणी म्हणूनच आली होती. आईने तिला हात लावला आणि ती घरची झाली. परक्याशी ओळख व्हायला तोंड पुरते, पण नाते जडायला हात लागतात. हे मला चार पुस्तके वाचून सुचले नव्हते.

जेवणे झाल्यावर आई परात खरवडत बसली. एक शीतही वाया जाऊ दिले नाही. मग एकाएकी, नातीकडे न पाहता तिने विचारले, "तिकडं जवारी मिळती का?"

आम्ही दोघे चपापलो. दोन महिन्यांत तिने 'तिकडं' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला होता.

"मिळते आजी," कन्या म्हणाली. "तिकडं तिला ताकाकिबी म्हणतात. भातात मिसळून शिजवतात."

"भाकरी करत न्हाईत?"

"नाही."

"म्हंजी त्यास्नी येत न्हाई." आईने परात बाजूला ठेवली. "तुला तरी कुठं येती? उद्या लवकर ऊठ."

भाऊबीजेला सकाळी सहा वाजता आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरली. नातीने थापलेल्या पहिल्या चार भाकरींना भारताच्या नकाशापासून लंकेपर्यंत सर्व आकार आले. त्या मी खाल्ल्या. जन्मदात्या बापाचे ते कर्तव्यच आहे. सुट्टी संपेपर्यंत ती रोज थापत होती आणि आई रोज नावे ठेवत होती. इतकी नावे ठेवत होती, की सौ. मला हळूच म्हणाल्या, "आता बरं वाटतंय हो त्यांना."

एप्रिलमध्ये कन्या गेली. तिच्या सामानात पाच किलो ज्वारीचे पीठ द्यायचे होते, पण परदेशी अशा वस्तू नेण्याचे नियम असतात, असे म्हणून तिने ते राहू दिले आणि एक काटवट तेवढी नेली. बुरूडबाईंची चटई आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. महिन्यातून एकदा ती खाली उतरते. आमचे इतिहासाचे प्राध्यापकही आता त्या वासावर येतात, आणि चटणीची गुंडाळी कोणती ते न विचारता ओळखतात.

या दिवाळीला कन्या येणार नाही. नव्या नोकरीत एवढी रजा नसते. मागच्या रविवारी तिने फोनवर एक छायाचित्र पाठवले. ओकायामाच्या एका खोलीत, छोट्याशा शेगडीवर तवा, आणि तव्यावर एक भाकरी. ताकाकिबीचे पीठ तिने कुठूनसे मिळवले होते. मी फोन आईपुढे धरला. तिने चष्मा लावला, फोन जवळ घेतला, लांब धरला. बराच वेळ पाहिले. मला वाटले आता डोळे भरून येणार.

"कड फाटलीया," ती म्हणाली. "पाणी पुरतं ऊन घेतलं न्हाई पोरीनं." मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, "पुढच्या रविवारी थापताना फोन चालूच ठेव म्हणावं तिला. मी बघते."